वडिलांची चित्रं संग्रहालयात जातात कशी?

प्रश्न असा होता: वडील चित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. घरात त्यांची साठेक चित्रं आहेत, काही कॅनव्हासवर, बरीचशी कागदावर. ती आधुनिक कलेच्या संग्रहालयाने घ्यावीत म्हणून मुलीने पत्र लिहिलं. आठ महिने झाले, उत्तर नाही. अशी संग्रहालयं नवी कामं घेतात तरी कशी? कोण ठरवतं? आणि ओळख लागते का?

ताई, मी सत्तावीस वर्षं कलासंग्रहालयांच्या नोंदणी विभागात काढली. चित्र निवडणं माझं काम नव्हतं. निवडलेलं चित्र आत घ्यायचं, त्याला क्रमांक द्यायचा, कागदपत्रं लावायची आणि पुढे ते कुठे आहे, कसं आहे याचा हिशेब ठेवायचा, हे माझं काम. त्यामुळे मी सांगते ते वहीच्या बाजूने.

आधी तुमच्या पत्राबद्दल. आठ महिन्यांचं मौन म्हणजे नकार नव्हे. मी जिथे होते तिथे असं पत्र आवकजावकला चढायचं, मग क्युरेटरकडे, म्हणजे संग्रहाची जबाबदारी असलेल्या जाणकाराकडे जायचं, आणि त्यांना त्यात काही दिसलं तर समितीच्या पुढच्या बैठकीसाठी फाइलला लागायचं. समिती वर्षातून एकदा, फार तर दोनदा बसायची. जुनीची मुदत संपली आणि नवी नेमायची राहिली, की ते वर्ष कोरडं जायचं. तरीही तुम्हाला पोच मिळायला हवी होती. घरच्या माणसाने कुणाचं तरी आयुष्यभराचं काम पुढे केलेलं असतं. त्याला दोन ओळी न लिहिणं मला कधीच पटलं नाही.

ठरवणारा माणूस एक नसतो. क्युरेटर प्रस्ताव मांडतो, समिती शिफारस करते, संचालक किंवा त्यांच्या वरचं कार्यालय मंजुरी देतं. समितीत चित्रकार, शिल्पकार, समीक्षक, कलेचे अभ्यासक असतात. दिल्लीचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिथेही कामं समितीमार्फतच घेतली जातात. मुंबईत काळा घोड्याजवळच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ साली सुरू झालेलं दालन ही त्याचीच शाखा. ओळखीबद्दल खरं सांगते. ओळखीने चित्र लवकर बघितलं जातं, हे मी पाहिलं आहे. पण सहा-सात जाणकारांसमोर चित्र भिंतीला टेकवून उभं केलं की ओळख फार वेळ टिकत नाही. चांगल्या समितीत एखाद्या सदस्याचा त्या चित्रकाराशी किंवा विकणाऱ्याशी संबंध असला, तर तो सदस्य तेवढ्यापुरता बाहेर जाऊन बसतो आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जातं.

समिती इतकं घासूनपुसून का बघते? कारण संग्रहालय चित्र ‘घेतं’ तेव्हा ते कायमचं सांभाळण्याचं कबूल करतं. आपल्याकडच्या सरकारी संग्रहालयाला घेतलेलं चित्र नकोसं झालं म्हणून विकता येत नाही. मी वहीत नोंद केली, की ते चित्र माझ्यानंतरच्या आणि तिच्याही नंतरच्या नोंदणी अधिकाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्याला जागा लागते, ठरावीक हवा लागते, दर काही वर्षांनी तपासणी लागते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात जाते आणि भांडारात ती पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राखायची असते. ते यंत्र जुलैत दोन दिवस बंद पडलं, तर कागदावरच्या कामांना बुरशी धरायला तेवढे दोन दिवस पुरतात. फुकट मिळालेलं चित्रही संग्रहालयाला फुकट पडत नाही.

आता निवडीबद्दल. ‘चित्र चांगलं आहे का’ हा पहिला प्रश्न असतो, पण शेवटचा नसतो. समिती विचारते, आमच्या संग्रहात याने काय भर पडेल? आणि प्रत्येक संग्रहाचा आकार कसा झाला, त्यावर या प्रश्नाचं उत्तर ठरतं. दिल्लीचंच बघा. २९ मार्च १९५४ रोजी जयपूर हाउसमध्ये उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ते सुरू झालं. पंडित नेहरू हजर होते. पहिले प्रमुख हर्मन गोएत्झ, त्याआधी बडोद्याचं संग्रहालय सांभाळलेले जर्मन अभ्यासक. त्या वेळी संग्रहाचा कणा होती अमृता शेरगिलची चित्रं. १९४१ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, लाहोरला ती गेली आणि घरच्यांकडे राहिलेली तिची चित्रं पुढे देशाकडे आली. आज तिचं काम समजून घ्यायचं तर दिल्लीलाच जावं लागतं. नंदलाल बोस यांची तर तिथे हजारो कामं आहेत. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी केलेली प्रसिद्ध चित्रं त्यांतलीच. संपूर्ण संग्रह सतरा हजारांच्या आसपासचा, त्यात एका चित्रकाराचा वाटा इतका मोठा. म्हणजे राष्ट्रीय संग्रह हा काही भारतीय कलेचा मोजूनमापून घेतलेला नमुना नव्हे. कुठल्या घराने कुठल्या वर्षी दार उघडलं आणि तेव्हा समोर कोण उभं होतं, यावर तो घडत आला.

म्हणून तुमच्या वडिलांबद्दल लिहिताना ‘ते थोर चित्रकार होते’ एवढंच लिहून थांबू नका. तसं प्रत्येक मुलगी लिहिते आणि लिहावंच. पण समितीला हवं असतं ते वेगळं. ते कुणाच्या हाताखाली शिकले, त्यांच्यासोबत वर्गात कोण होतं, साठच्या दशकात सगळे अमूर्ताकडे वळत असताना ते निसर्गचित्रच का करत राहिले, किंवा वळले असतील तर कशाने, हे लिहा. महाराष्ट्रातल्या जलरंगातल्या निसर्गचित्रणाची परंपरा इतकी मोठी आणि संग्रहालयांत तिचं दर्शन किती थोडं होतं, हे मला फार वर्षं खुपत आलं आहे. तुमच्याकडची कागदावरची कामं कदाचित कॅनव्हासपेक्षा महत्त्वाची ठरतील.

काम आत येण्याच्या वाटा अनेक. खरेदी, भेट, मृत्युपत्राने मिळालेला ठेवा, दुसऱ्या सरकारी संस्थेकडून हस्तांतर, आणि कधी कलाकाराला सांगून खास करवून घेतलेलं काम. दीर्घ मुदतीची उसनवारी यांपासून वेगळी, कारण तीत मालकी बदलत नाही. मुंबईचे संग्राहक जहांगीर निकोल्सन २००१ साली गेले. त्यांच्या सुमारे आठशे कामांचा संग्रह त्यांच्या प्रतिष्ठानाने छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात अशाच कराराने ठेवला आणि २०११ मध्ये तिथे त्याचं दालन उघडलं. संग्रह लोकांना दिसतो, मालकी प्रतिष्ठानाकडे राहते. मोठ्या संग्रहाला हे जमतं. साठ चित्रांसाठी कुठलं संग्रहालय असा करार करेल असं मला वाटत नाही.

खरेदीबद्दल फार आशा धरू नका, आणि त्याचं कारण तुमच्या वडिलांच्या कामात नाही. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत ख्रिस्तीज या लिलावसंस्थेच्या लिलावात चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. तिथला हातोडा दोन-चार मिनिटांत पडतो. सरकारी संग्रहालयाची किंमत-मंजुरी दोन-चार महिन्यांत होत नाही. म्हणून शहाणं संग्रहालय लवकर घेतं, नाव व्हायच्या आधी. हे आपल्याकडे ज्यांना उत्तम जमलं ते कुठल्या संग्रहालयाचे नव्हतेच. डॉ. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी पन्नास-साठच्या दशकांत मुंबईतल्या तरुण चित्रकारांची कामं घेतली. हुसेन, गायतोंडे, त्यांच्या बरोबरीचे कितीतरी जण. भौतिकशास्त्राच्या संस्थेतल्या भिंतींवर टांगलेला तो संग्रह आज त्या काळातल्या मुंबईच्या कलेचा फार मोलाचा ठेवा आहे. त्याचं मूळ कोट्यवधींच्या लिलावात नाही. प्रदर्शन भरलेलं असताना जाऊन, बघून, आवडलं ते घेणाऱ्या माणसात आहे.

न्यूयॉर्कच्या मोमाची, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची, रीत निराळी. ते १९२९ मध्ये सुरू झालं. संस्थापकांपैकी लिली ब्लिस १९३१ साली गेल्या आणि आपला संग्रह संग्रहालयाला देऊन गेल्या. त्यांची एक अट होती: आधी संस्थेने स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतका निधी उभा करून दाखवावा. पण बऱ्याचशा चित्रांबाबत त्यांनी संग्रहालयाचे हात मोकळे ठेवले. त्यांच्या बदल्यात दुसरी घ्यायची मुभा दिली. १९३९ मध्ये पिकासोचं ‘ले देम्वाझेल दाविन्यों’ आलं, त्यासाठी त्यांच्याकडचं देगाचं एक चित्र विकून पैशाची भर घातली गेली. व्हॅन गॉखचं ‘स्टारी नाइट’ १९४१ मध्ये आलं, तेही त्यांच्या ठेव्यातल्या कामांच्या बदल्यात. सुरुवातीला मोमाचा विचार असाही होता की आधुनिक राहायचं तर जुनी झालेली कामं दुसरीकडे द्यावीत. १९४७ साली त्यांनी मेट्रोपॉलिटन संग्रहालयाशी तसा करारही केला. १९५३ मध्ये तो सोडून दिला आणि निवडक कामं कायम ठेवायचं ठरवलं. आधुनिक कलेच्या सगळ्यात धाडसी संग्रहालयालाही ‘कायम’ या शब्दाशी येऊन थांबावं लागलं.

लिलीबाईंची गोष्ट सांगायचं कारण म्हणजे भेटीतल्या अटी. मी पाहिलेल्या भेटींपैकी कितीतरी अटींवर बुडाल्या. सगळी चित्रं एकत्रच ठेवा, कायम भिंतीवर लावा, दालनाला वडिलांचं नाव द्या. या मागण्यांमागचं प्रेम मला कळतं, पण या तीन अटी असलेलं पत्र समितीसमोर टिकत नाही. कुठल्याही मोठ्या संग्रहालयात एका वेळी संग्रहाचा लहानसा भागच बाहेर असतो. कागदावरची कामं तर उजेडात ठेवायचीच नसतात. काही महिने लावली की काही वर्षं अंधारात विसावा द्यावा लागतो. ‘कायम भिंतीवर’ ही अट जलरंगाच्या जिवावर उठते. अट घालायचीच असेल तर एवढी घाला: अभ्यासकाने मागितलं तर चित्र दाखवावं, आणि चित्राखाली वडिलांचं नाव पूर्ण व शुद्ध छापावं.

आणखी एक. साठच्या साठ देऊ करू नका. बारा-पंधरा निवडा, उमेदीच्या काळातलं एखादं, मधल्या वळणावरची काही, शेवटचं एक, आणि सोबत तयारीची रेखाटनं. समितीला त्यांतून पाच घेता येतील. साठ दिलेत तर बहुधा एकही घेतलं जाणार नाही, कारण साठांचा अर्थ साठ क्रमांक, साठ तपासण्या आणि साठ जागा.

निवड झाली की खरं काम सुरू होतं. अस्सलपणा तपासतात, आणि त्यात सहीवर कुणीच पूर्ण विश्वास ठेवत नाही. बघतात ते हे की चित्र चित्रकाराच्या हातून निघाल्यापासून आजपर्यंत कुणाकुणाकडे होतं, आणि मध्ये खंड पडतो का. हुसेन यांचं १९५४ चं ‘ग्रामयात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. ते चित्र दिल्लीत राहिलेल्या एका डॉक्टरने तेव्हाच घेतलं होतं, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळालं आणि अनेक दशकं तिथेच होतं. साखळी इतकी सरळ, की शंकेला जागा नाही. तुमची साखळी याहून सरळ आहे: चित्रकाराच्या घरातून थेट. ती तुमची मोठी जमेची बाजू. प्रदर्शनांची निमंत्रणं, वर्तमानपत्रातली कात्रणं, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जुन्या पुस्तिका, पत्रं, रंगाच्या दुकानाची बिलं, वडील स्टुडिओत उभे असलेला फोटो ज्यात मागे चित्र दिसतं, यांतलं काहीही टाकू नका. एकदा एका कुटुंबाने चित्रं ठेवली आणि कागदांची ट्रंक रद्दीत घातली. ती चित्रं आम्ही घेतली, पण त्यांच्या नोंदीत ‘साल’ या रकान्यासमोर आजही प्रश्नचिन्ह आहे, आणि त्या रकान्याशी मी प्रत्येक वेळी थबकत असे.

मग प्रकृती-अहवाल. चित्र आडव्या उजेडात धरून बघतात. पोपडे, चिरा, सैल झालेला कॅनव्हास, मागच्या बाजूचे डाग, सगळं लिहून घेतात. हार्डबोर्डवर केलेली कामं मला नेहमी धाकात ठेवत. कोपरे फुगतात, पापुद्रे सुटतात आणि वाळवी सगळ्यात आधी तिथेच पोचते. बाहेरून आलेलं काम थेट भांडारात नेत नाहीत, वेगळ्या खोलीत ठेवून लक्ष ठेवतात. एक लाकडी शिल्प आलं होतं, दिसायला ठणठणीत. खाली पांढरा कागद पसरून ठेवलं. नवव्या दिवशी कागदावर चिमूटभर पिवळसर भुगा. आतून कीड लागलेली होती. तो कागद पसरला नसता, तर भांडारातली पंचवीस-तीस शिल्पं पणाला लागली असती. तेव्हापासून कितीही घाई असो, कुणाचीही शिफारस असो, माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही कामाचे ते दिवस मी कमी केले नाहीत.

तुम्ही घरी चित्रं पुसू नका. ओलं फडकं नको, तेल नको. आणि ‘जरा चमक आणून देतो’ म्हणणाऱ्या फ्रेमवाल्याच्या हाती तर मुळीच देऊ नका. दुकानातलं वॉर्निश मारलेली तैलचित्रं माझ्यासमोर आली आहेत. ते काढायला चित्राच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो, आणि कधी कधी ते निघतही नाही.

कायद्याचं थोडं. चित्र देणं आणि स्वामित्वहक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो. संग्रहालयाला चित्र दिलंत तरी त्याचं कॅलेंडर किंवा पुस्तकाचं मुखपृष्ठ करायला तुमची परवानगी लागते, तुम्ही लिहून दिली नसेल तर. संग्रहालयाच्या सूचीत, संकेतस्थळावर आणि अभ्यासासाठी छापायची परवानगी मोकळ्या मनाने द्या, व्यापारी वापराची राखून ठेवा. याच कायद्यातलं कलम ५७ कलाकाराच्या कामाची मोडतोड होऊ नये यासाठी आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. मालक सरकार होतं, तरीही. बक्षीसपत्रावर तुमच्याबरोबर सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या. एका भावाची सही राहिली म्हणून तयार झालेली भेट तीन वर्षं अडकलेली मी पाहिली आहे, आणि तेवढ्या काळात चित्रं माळ्यावरच होती.

एवढं सगळं झाल्यावर नोंद. वर्ष, त्या वर्षातला अनुक्रमांक, आणि एकाच कामाचे भाग असतील तर तो आकडा. कागदावर मागे मऊ पेन्सिलने, कॅनव्हासला मागच्या लाकडी चौकटीवर. त्या दिवशी चित्र संग्रहाचं होतं, त्याआधी नाही.

आजकाल जी कामं येतात त्यांचं हे शेवटचं पानच पालटलं आहे. व्हिडिओ घेतला तर वस्तू कुठली? प्रमाणपत्र, फाइल, किती प्रतींपैकी कितवी, आणि दाखवायचं यंत्र बाजारातून गेलं की पुढे काय करायचं याची कलाकाराची लेखी संमती. मोमाने २००८ मध्ये टिनो सेहगलचं ‘किस’ घेतलं. ते काम म्हणजे दोन माणसांच्या हालचाली, आणि कलाकाराच्या आग्रहावरून सगळा व्यवहार साक्षीदारांसमोर तोंडी झाला, एकही कागद न करता. वहीवर आयुष्य काढलेल्या मला ते वाचून रात्री झोप लागली नव्हती. पण नंतर वाटलं, तिथेही कुणीतरी ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्याला शिकवायचं कबूल केलंच आहे.

राष्ट्रीय संग्रहालय हे एकच दार नाही, हेही सांगायला हवं. गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका पुण्यात राहून चित्रं करत आणि १९६७ साली गेले. त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी ती चित्रं अनेक दशकं सांभाळली आणि अखेर गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिली. आज फोन्सेकांचा अभ्यास करणारा तिथे जातो. कोल्हापुरात चंद्रकांत मांढरे यांनी आपलं राहतं घर चित्रांसकट शासनाला दिलं. औंधचं भवानी संग्रहालय तर स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलं. वडील ज्या गावचे, ज्या शाळेत शिकवत होते, ज्या घाटाची चित्रं त्यांनी काढली, तिथलं संग्रहालय किंवा कला महाविद्यालय त्यांच्याकडे जास्त आस्थेने बघेल. पाच दिल्ली-मुंबईला, पंधरा गावाकडे, बाकी घरी, अशी वाटणी मला साठ चित्रं एका गोदामात जाण्यापेक्षा बरी वाटते. फक्त आधी सगळ्यांची एक यादी करा आणि कुठलं कुठे गेलं ते तीत लिहीत राहा.

ती यादी अशी करा: प्रत्येक चित्राला तुमचा स्वतःचा आकडा, शीर्षक, साल, माध्यम, उंची आधी आणि रुंदी नंतर सेंटिमीटरमध्ये, सही कुठे आहे, मागे काय लिहिलं आहे. दिवसाच्या उजेडात पुढचा आणि मागचा असे दोन फोटो. ज्यांचं साल आठवत नाही त्यांच्यासाठी आई किंवा वडिलांचे जुने मित्र असतील तर त्यांना आधी विचारा, हे थांबवून ठेवू नका. चित्रं बाहेरच्या भिंतीला टेकवलेली असतील तर पावसाच्या आत आतल्या भिंतीकडे घ्या, जमिनीपासून वीतभर वर, मध्ये हवा खेळेल अशी. मग दुसरं पत्र लिहा: दोन पानं, निवडलेल्या बारा चित्रांचे फोटो, यादी, आणि मजकुरात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक व तारीख. आवक क्रमांक माहीत नसेल तर कार्यालयात फोन करून विचारा. तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे असं समजूनच मागा.